यहुदी पाहुणा आणि आपला नाताळ

(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवात दिलेले व्याख्यान)



ज्या 'ज्युबिली' शब्दाच्या छत्राखाली आपण आज जमलो आहो, तो शब्द इब्री भाषेतील 'योबेल' ह्या शब्दापासून निघाला आहे. योबेल म्हणजे मेंढ्याचे शिंग. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात अशी आज्ञा आहे की, पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकून मुक्ततेची घोषणा करावी, दासांस मोकळे करावे आणि ज्याची वडिलोपार्जित जमीन गेली असेल त्यास ती परत द्यावी. सारांश, आपल्या उत्सवाचे नावच आपणांस यहुदी लोकांकडून मिळाले आहे. तेव्हा त्यांच्यापैकी कोणी नाताळात आपल्या दारी आल्यास त्याचा मान कसा राखावा, ह्याचा विचार आजच्या प्रसंगास शोभणाराच आहे.

कोणी म्हणेल, 'अहेरीसारख्या रानप्रदेशात, प्राणहितेच्या काठी, यहुदी पाहुणा यावयाचा कोठून?' शंका रास्त आहे. परंतु आपली मुले-मुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी नागपूर, पुणे, मुंबई, ठाणे येथे जातात आणि सणासुदीस परतताना कधी सोबत्यासही घेऊन येतात. त्या सोबत्याचे आडनाव पेणकर, रोहेकर किंवा दिवेकर असेल, तो आपल्यासारखीच मराठी बोलत असेल, आणि तरी तो यहुदी असेल!

हे आपले बेने इस्राएल बंधू होत. त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले व त्यांतून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणत. मुंबईत सामुएल दिवेकर ह्यांनी १७९६ मध्ये त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुसंख्य लोक इस्राएल देशी गेले. परंतु काही हजार अजून आपल्यात आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुदी समाजास अल्पसंख्याकांचा दर्जा दिला आहे.

आता एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ह्या समाजास हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांनी शतकानुशतके सुखाने नांदू दिले. परंतु ख्रिस्ती राजसत्तेखाली यहुदी वंशाच्या लोकांची स्थिती निराळी होती. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगालचा विद्वान वैद्य बळाने बाटविलेल्या यहुदी कुळातील होता. आपल्या देशातील औषधी वनस्पतींवरील त्याचा थोर ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीस, गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून, इन्क्विझिशनने जाळविले. आणि १५८० मध्ये त्याच्या स्वतःच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळण्यात आल्या. युरोपात तर नाताळाचा दिवसही ह्या लोकांस निर्भय नव्हता. १८८१ च्या नाताळाच्या दिवशीच वॉर्सा शहरात यहुदी वस्तीवर हल्ले सुरू झाले. आपल्या घंटा आपणांस आनंद सांगतात. त्याच घंटांनी कित्येक घरांची दारे भयाने बंद झाली, हे आपण विसरता कामा नये.

ख्रिस्तसभेने स्वतः हा विचार केला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' हा जाहीरनामा काढून स्पष्ट सांगितले की, प्रभूच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर अथवा आजच्या यहुद्यांवर सरसकट लादता येत नाही. १९८६ मध्ये परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल रोमच्या यहुदी प्रार्थनामंदिरात स्वतः गेले. म्हणून 'तुम्ही लोकांनी आमच्या प्रभूस मारले' किंवा 'तुम्ही अजून मसीहास का मानीत नाही?' असले शब्द, थट्टेनेसुद्धा, आपल्या घरात पाहुण्याच्या कानी पडू नयेत.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. प्रथम भोजन. यहुदी धर्मशास्त्रात डुकराचे मांस वर्ज्य आहे. मांस व दूध एकत्र चालत नाही. म्हणूनच बेने इस्राएल सुगरण मांसाच्या रश्शात नारळाचे दूध घालते. ज्यास पर व खवले आहेत तोच मासा चालतो. म्हणजे रोहू चालेल, पण मागूर, झिंगे, खेकडे चालणार नाहीत. इतर मांसही त्यांच्या विधीप्रमाणे कापलेले लागते. कोणी हे नियम कडक पाळतो, कोणी सैल. म्हणून तर्क न करता आधीच विचारावे, 'ताई, आपल्याकडे काय चालते, काय चालत नाही, ते संकोच न करता सांगा.' केकमध्ये मद्य वा चरबी असल्यास तेही सांगावे. पाहुणा फार कडक पाळणारा असेल तर आपल्या भांड्यांचीही त्यास अडचण वाटेल. त्यास फळे द्यावीत आणि ती पळसाच्या कोऱ्या पत्रावळीवर वाढावीत. रानाने दिलेली ही सोय आपल्या हाताशी आहे. त्याने एखादा पदार्थ नाकारला तर तो आपला अपमान नव्हे.

दुसरी गोष्ट वाराची. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ असतो. त्या अवधीत धर्मनिष्ठ यहुदी विस्तव पेटवीत नाही व प्रवास करीत नाही. नाताळ त्या वारांस आला तर पाहुण्याचा प्रवास व जेवणाची वेळ त्याच्या सोयीने ठरवावी.

तिसरी गोष्ट मंदिराची. नाताळाच्या मिस्सेस येण्याचा आग्रह धरू नये. कित्येक यहुदी दुसऱ्या धर्माच्या उपासनेस जात नाहीत. कोणी आपखुशीने आला तर त्यास मागील बाकावर मानाने बसवावे. गुडघे टेकणे, क्रुसाची खूण करणे, बाळ येशूच्या मूर्तीचे चुंबन घेणे ह्यांचा इशाराही करू नये. पवित्र कम्युनियनसाठी सारे उठतील तेव्हा त्याने बसून राहावयाचे आहे, हे त्यास आधीच सांगावे.

ही नाजूक वेळ आपणांस अपरिचित नाही. शेजाऱ्याच्या घरी पूजेस गेल्यावर प्रसाद हाती येतो आणि घ्यावा की न घ्यावा, ह्या विचाराने मन अडखळते. त्या वेळी जो शेजारी हसून म्हणतो, 'राहू द्या, आपण चहा घ्या', त्याचा आपण जन्मभर आदर करतो. त्याच शेजाऱ्यासारखे आपण व्हावे.

चौथी गोष्ट त्यांच्या सणाची. हनुक्का हा त्यांचा आठ दिवसांचा दीपोत्सव बहुधा डिसेंबरात येतो. २०२४ मध्ये त्याचा पहिला दिवा नाताळाच्याच संध्याकाळी लागला. त्यास 'यहुद्यांचा नाताळ' म्हणू नये. विटंबना झालेल्या यरुशलेमच्या मंदिराची पुनःप्रतिष्ठा मक्कबी बंधूंनी केली, तिचे ते स्मरण आहे. ही हकीकत मक्कबीच्या ग्रंथांत आहे, आणि हे ग्रंथ यहुद्यांच्या पवित्र शास्त्रात नसून आपल्या कॅथलिक बायबलात आहेत! प्रभू येशू त्या सणाच्या वेळी मंदिरात फिरत होता, असे संत योहान दहाव्या अध्यायात सांगतो. पाहुण्यास दिवा लावावयाचा असेल तर त्यास जागा करून द्यावी.

ह्याचा अर्थ असा नव्हे की, पाहुणा येणार म्हणून गव्हाणी झाकावी, तारा उतरवावा किंवा गीते बंद करावीत. आपली श्रद्धा लपविणाऱ्या यजमानाच्या सन्मानात खोटेपणा येतो. आपला सण आपण मोकळ्या मनाने करावा आणि पाहुण्यास त्यात पाहुणाच राहू द्यावे. श्रद्धा दाखवावी, लादू नये. आतिथ्याची किंमत म्हणून कोणाकडून त्याच्या धर्माचा कणभरही भाग मागू नये. ह्या साऱ्या नियमांचे सार एवढेच आहे.

शेवटी आपल्या गव्हाणीकडेच पाहा. पवित्र मरिया व संत योसेफ यहुदी होते. त्यांच्या बाळाची आठव्या दिवशी सुंता झाली, आणि नियमशास्त्राप्रमाणे त्यास यरुशलेमच्या मंदिरात नेण्यात आले. बेथलेहेमात ज्या जोडप्यास उतारशाळेत जागा मिळाली नाही, ते यहुदी जोडपे होते. ती उणीव भरून काढण्याची संधी अहेरीतील एखाद्या घरास मिळाली, तर त्या घराने ती दवडू नये. प्रभू आपणां सर्वांस तसे मन देवो.