जुन्या दुनळी बंदुकीची पारख

सातारा-सांगलीकडील जुन्या घराण्यांतून विलायती दुनळी बंदूक वारशानें चालत आलेली असणें नवलाचें नाहीं. सांगली, मिरज, औंध, फलटण, जत हीं संस्थानें १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालीं. त्यापूर्वीं थंडी पडली, कीं कृष्णेच्या डोहांवर आणि येरळेकांठच्या तलावांवर चक्रवाक, थापट्या, तलवार बदक हे पाहुणे उतरत, आणि त्यांच्यामागोमाग शिकारीही येत. त्या काळची बंदूक हातीं आली म्हणजे घरांत पहिला प्रश्न निघतो तो किंमतीचा. वास्तविक पहिला प्रश्न असावयास हवा तो हा, कीं ही बंदूक कोणत्या दारूसाठीं व कोणत्या काडतुसासाठीं घडविली गेली?

बहुतेकांची नजर प्रथम कोरलेल्या नांवाकडे जाते. ग्रीनर, वेस्टली रिचर्ड्स हीं नांवें खरोखरच मोठीं. परंतु नांवावर विसंबूं नये. नामांकित इंग्रज कारागिरांच्या नांवांशीं मिळतींजुळतीं नांवें कोरलेल्या बेल्जियन बंदुका त्या काळीं पुष्कळ विकल्या जात. खरी साक्ष नळ्यांच्या खालच्या अंगास असते. दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करून, त्या दस्त्यापासून सोडवून उलट्या धराव्या. तेथें बारीक ठसे दिसतात. इंग्लंडांत नळी नेहमींपेक्षां जबर बार भरून उडवून पाहात आणि ती टिकली तरच ठसा देत. बर्मिंगहॅमची परीक्षाशाळा १८१३ सालची आहे. लंडनची परंपरा त्याहून जुनी. बर्मिंगहॅमच्या ज्या नळ्यांवर १९०४ नंतरचा, मुकुटाखालीं ‘एन.पी.’ हीं अक्षरें असलेला ठसा आहे, त्या बिनधुराच्या दारूसाठीं पारखलेल्या होत. कांहीं नळ्यांवर ‘नॉट फॉर बॉल’ असे शब्द असतात. नळीचें तोंड निमुळतें आहे, तींतून एकटी गोळी उडवूं नये, असा त्याचा अर्थ. आणि असा ठसा १८८७ पूर्वींचा समजावा.

लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून घडविलेल्या नळीवर लाटांसारखी सुंदर नक्षी दिसते. तीस दमास्कस नळी म्हणतात. अशा बहुतेक नळ्या काळ्या दारूच्या काळांतल्या. बिनधुराच्या दारूसाठीं त्या पारखल्याचा ठसा नसेल, तर आजचें काडतूस त्यांत घालणें म्हणजे हात आणि डोळे पणास लावणें होय.

दुसरा धोका याहून फसवा आहे. जुन्या बारा बोअरच्या इंग्रजी बंदुकींत काडतुसाचें घर बहुधा अडीच इंचांचें असतें, आणि आजचें नेहमींचें काडतूस पावणेतीन इंचांचें. काडतुसाची ही लांबी उडाल्यानंतरची मोजतात. उडण्यापूर्वीं त्याचें तोंड दुमडलेलें असल्यामुळें तें जुन्या घरांत सहज बसतें, बंदूकही बिनबोभाट मिटते. पण बार उडतांच दुमड उलगडते, पुढच्या अरुंद भागांत अडते आणि नळींतला दाब वाढतो. काडतूस बसलें म्हणजे तें योग्यच, हा समज म्हणूनच घातक आहे. घराची लांबी मापानेंच तपासावी.

यानंतर नळ्या उजेडाकडे धरून आंत पाहावें. प्रकाशाचीं वलयें अखंड दिसलीं तर ठीक; तीं मोडलीं तर तेथें पोचा किंवा फुगवटा आहे. गंजाचे खड्डे खोल असतील, तर नळीच्या भिंतीची जाडी जाणत्या कारागिराकडून मोजून घ्यावी. नळ्या टांगून बोटाच्या पेरानें हलकेंच टिचकाव्या. घंटेसारखा नाद आला तर सांधे घट्ट, बद्द आवाज आला तर मधली पट्टी सुटलेली. शेवटीं बंदूक जोडून, नळ्यांखालील लांकूड काढून, हलकेंच हालवावी. बिजागरी खिळखिळी असेल तर तें तेव्हांच कळतें.

पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठीं घेतलेली बंदूक तिच्या चोकावरून ओळखूं येते. पांखरें उघड्या पाण्यावरून लांब अंतरावर उठत, म्हणून छर्रे फार पसरूं नयेत अशी योजना असे. पूर्ण चोकाची नळी ४० यार्डांवर सुमारें ७० टक्के छर्रे ३० इंचांच्या वर्तुळांत टाकते. साधी, सरळ नळी सुमारें ४० टक्केच टाकते.

हा गुण आतां केवळ इतिहासाचा राहिला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस परवान्याचें बंधन घातलें आणि १९९१ च्या दुरुस्तीनें बदकांच्या शिकारीचे परवानेही संपले. मायणीचा परिसर २०२१ सालीं पक्षी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला. शिशाचे छर्रे बार थांबल्यावरही निरुपद्रवी नसतात. तळ्याच्या गाळांतून बदकें ते खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेनें मरतात.

वारसानें मात्र एक गोष्ट विसरूं नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें वडिलांचा परवाना मुलाच्या उपयोगीं पडत नाहीं. स्वतःचा परवाना मिळेपर्यंत बंदूक पोलिस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. ठसे, घराचें माप आणि नळ्यांची स्थिति यांची नोंद त्याच वेळीं लिहून ठेवावी. पुढें ती बंदूक विकावयाची, निकामी करून जतन करावयाची, कीं निशाणबाजीसाठीं ठेवावयाची, याचा निर्णय त्या नोंदीवरून घ्यावा. आजोबांच्या पराक्रमाच्या गोष्टींवरून घेऊं नये.