बिऱ्हाड हलवताना

बिऱ्हाड हलवणे ही गोष्ट निदान शिक्षकांना तरी नवी नाही. बदलीचा हुकूम हातात पडला, की नव्या गावी खोली मिळेल का, मुलांच्या शाळेचे काय, टेम्पोवाला किती घेईल, हेच विचार डोक्यात घोळू लागतात. सामान बांधायला घेतले जाते ते बहुधा शेवटच्या चार दिवसांत. मग माळ्यावरून, कॉटखालून, न्हाणीघराच्या कोनाड्यातून अशा काही वस्तू बाहेर पडतात, की इतकी वर्षे आपण यांच्या संगतीत राहत होतो हे खरे वाटू नये! टेम्पो दारात उभा असतो, ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो, आणि घरातला कर्ता माणूस सांगून मोकळा होतो, ''ते सगळं टाका तिकडे कोपऱ्यावर.'' आज मी बोलणार आहे ते या 'तिकडे'विषयी.

तिकडे म्हणजे ओढ्याच्या काठी, शाळेच्या कुंपणामागे, नाहीतर गावाबाहेरच्या वळणावर. आपण टाकले आणि पाठ फिरवली म्हणजे वस्तू संपली, असे आपल्याला वाटते. पण तिथे कुणाचा तरी हात पोचतोच. शहरात तो कचरा वेचणाऱ्या बाईचा असतो, खेड्यात भंगार गोळा करणाऱ्या पोराचा असतो. आणि हात नसेल तिथे गाईचे तोंड असते. गाठ मारलेल्या पोत्यात काय आहे ते त्या बाईला दिसत नाही, ती हाताने चाचपून बघते. आत फुटका आरसा असतो, दाढीची पाती असतात, कधी इंजेक्शनची सुई असते. पुण्यात १९९३ साली या कष्टकऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी राहिली. पुढे त्यांच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि तिचे सभासद दारोदार जाऊन कचरा घेऊ लागले. त्यांचे मागणे साधे आहे. कचरा एकत्र कालवू नका, घरातच वेगळा करा आणि आमच्या हातात द्या. मला वाटते, बिऱ्हाड हलवणाऱ्याने एवढे एकच सूत्र धरले तरी पुष्कळ झाले. वस्तू खोलीवार आवरायच्या नाहीत. कोणती वस्तू कोणाच्या हातात जाणार, त्याप्रमाणे तिचा ढीग घालायचा. मात्र त्याला चार दिवस पुरत नाहीत, महिनाभर आधी सुरुवात करावी लागते. बोहारीण काही आपल्या टेम्पोची वेळ बघून येत नाही!

आधी कागद घेऊ, कारण शिक्षकाच्या घरी तोच जास्त. वर्तमानपत्रे, वह्या आणि पुठ्ठा यांचे भाव निरनिराळे असतात, म्हणून गठ्ठेही निरनिराळे बांधावेत. कागद भिजू देऊ नये. कोरडा कागद गिरणीत जाऊन पुन्हा पुठ्ठा होतो. तेलाने माखलेला किंवा कुजलेला कागद कोणी घेत नाही. पाठ्यपुस्तके रद्दीत घालण्यापूर्वी खालच्या वर्गातल्या मुलांना विचारावे. पण एक काळजी घ्या. पोरांच्या उत्तरपत्रिका, गुणांच्या याद्या, बँकेची जुनी पासबुके, आधारकार्डाच्या प्रती हे कागद तसेच रद्दीत देऊ नयेत. चणेवाल्याच्या पुडीवर एखाद्या मुलीचे नाव आणि नापासाचा शेरा वाचायला मिळावा, ही काही शोभेची गोष्ट नव्हे. असे खाजगी कागद फाडून रात्रभर बादलीत भिजत घालावेत. सकाळी त्यांचा लगदा होतो, तो खताच्या खड्ड्यात जातो. शाळेचे दप्तरी कागद मात्र फाडणे-विकणे आपल्या हातचे नाही, ते मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करूनच निघावे.

धातूच्या बाबतीत आपल्या आयाबहिणी आपल्यापेक्षा शहाण्या. तांब्या-पितळेची मोड कोणी फेकत नाही. पण लोखंड, पत्रा, अॅल्युमिनियम, तारा हे सारे एकाच पोत्यात भरून दिले, तर सगळ्याला लोखंडाचा भाव मिळतो, हे लक्षात ठेवा. आपल्या दारातून गेलेले लोखंड पुढे कुठे जाते, याचे मला कुतूहल असते. जालन्याला भट्ट्या आहेत, तिथे असले मोडके लोखंड वितळवून त्याच्या घरबांधणीच्या सळ्या करतात. एखाद्याच्या मोडक्या खाटेचा तुकडा दुसऱ्या कोणाच्या स्लॅबमध्ये जाऊन बसत असेल!

जुन्या सुती लुगड्याधोतरांची गोधडी होते, किंवा पुसायला फडकी होतात. टेरिकॉट पाणी टिपत नाही, ते बोहारणीला द्यावे. धडके कपडे द्यायचे तर धुऊन, घडी घालून द्यावेत. घेणाऱ्याला ते अंगावर घालायचे असतात. कापसाची गादी पिंजाऱ्याकडे गेली की नवी होऊन येते. फोमच्या गादीला ते भाग्य नाही. ती कुजत नाही, कोणी पिंजत नाही, आणि ओढ्यात टाकली तर पहिल्याच पावसात मोरीच्या तोंडाशी जाऊन बसते. तिचे तुकडे करून पाटावर, बाकावर घालायला वापरावेत. तेही जमत नसेल, तर अशा मोठ्या वस्तू नेण्यासाठी गाडी येते का, याची नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आधी चौकशी करावी, भाडे पडले तर द्यावे. जुना फ्रिज चालू आहे तोवरच विकावा किंवा कोणाला द्यावा. बंद फ्रिज दुकानदारामार्फत दिला तर बरे. हातोड्याचा घाव घालून त्याची नळी तोडली की आतला वायू हवेत जातो, आणि तो हवेला चांगला नाही. तो अंगणात पडून राहणार असेल तर त्याचे दार काढून ठेवा. लपंडाव खेळताना पोर आत शिरले आणि दार लागले, तर आतून हाक ऐकू येत नाही.

आता थोडे नाजूक. जुन्या देवांच्या तसबिरींचे काय करायचे? कचऱ्यात टाकवत नाही, नेववत नाही. म्हणून माणूस त्या पिंपळाखाली नेऊन ठेवतो आणि हात जोडून परत येतो. चार दिवसांत कुत्री त्या पाडतात, काच फुटते. तिथेच संध्याकाळी अनवाणी पोरे खेळत असतात. माझ्या मते भक्तीला बाध न आणता हे करता येते. तसबिरीची मागची पट्टी उचकटून काच, चौकट आणि कागद वेगळे करावेत. कागदाचे घरच्याच बादलीत विसर्जन करून तो लगदा तुळशीच्या मातीत मिसळावा. काच सलग असली तर फ्रेमवाला घेतो. फुटकी असली तर जाड कागदात गुंडाळून, वर 'काच' असे ठळक लिहून वेगळी द्यावी.

उरते ते पोतेभर सामान, ज्याला कोणी भाव देत नाही. सगळ्यांत जपायला हवे ते यालाच. संपलेले सेल, मोबाइलची फुगलेली बॅटरी, गेलेली ट्यूबलाइट, मुदत उलटलेली औषधे, उरलेले कीटकनाशक. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, म्हणून ती फोडायची नाही. नव्या ट्यूबच्या खोक्यात घालून उभी ठेवायची. सेल, जुने मोबाइल, रेडिओ हा ई-कचरा. तो घेणारे केंद्र बहुधा तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या गावी असते, विजेच्या सामानाच्या दुकानात पत्ता लागतो. मोबाइल देण्यापूर्वी त्यातली माहिती पुसावी. इन्व्हर्टरची बॅटरी विक्रेताच परत घेतो आणि नवीच्या किमतीत सूट देतो. तिच्यातले तेजाब गटारात ओतणे म्हणजे शेजारच्या विहिरीशी वैर धरणे आहे, कारण त्यात शिसे उतरलेले असते. औषधे ''तुला चालतील बघ'' म्हणून कामवाल्या बाईला देऊ नयेत. ती आणि सुया यांच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे, तिथे दवाखान्याचा कचरा वेगळा नेण्याची सोय असते. सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत घालून झाकण घट्ट लावून न्याव्यात.

कीटकनाशकाच्या डब्याविषयी शेतकरी बंधूंना दोन शब्द. औषध संपताना डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि डब्याला भोके पाडावीत. धडका डबा मागे राहिला की कोणीतरी त्यात रॉकेल, नाहीतर खायचे तेल भरतो. वास गेला म्हणजे विष गेले, असे नसते.

या शेवटच्या पोत्याची होळी करून मोकळे व्हावे, असे पुष्कळांच्या मनात येते. तसे करू नका. प्लॅस्टिकचे पाइप आणि तारांवरची आवरणे जळली की त्यांतून आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी विषे निघतात. फवाऱ्याचे डबे विस्तवात फुटतात. रस्त्यावर, उघड्या जागेत किंवा नाल्यात कचरा टाकायला, जाळायला वा पुरायला २०१६ च्या घनकचरा नियमांनीही मनाई केली. पण नियमाचे राहू द्या. तो धूर जातो कुठे? शेजारच्या पाळण्यापर्यंतच ना?

ओल्या कचऱ्याबद्दल खेड्यातल्या माणसाला मी काय सांगावे? किडके पीठ, जुन्या डाळी, केरसुणीचा चुरा, सारे उकिरड्यात जाते. उकिरड्यापेक्षा नाडेपचा हौद बरा. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी तो बसवला, आणि त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. विटांच्या भिंतीत हवेसाठी भोके ठेवायची, आत काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर द्यायचे. तीन-चार महिन्यांत खत तयार. निघताना हौद अर्धा भरलेला असेल, तर नव्या बिऱ्हाडकरूला तसे सांगून जावे. घंटागाडी येत असेल तर तिची वेळ, रद्दीवाल्याचा वार आणि भंगारवाल्याचा नंबर हेही एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावे.

आणि नव्या घरी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात खोकी उपसून टाका. ती रिकामी झाली की चिकटपट्टी सोलून, चपटी करून कोरड्या जागी ठेवावीत. नव्या गावच्या किराणा दुकानदाराला ती हवी असतात, आणि त्या निमित्ताने त्याची ओळखही होते.