अनुशेष : पदांचा आणि कामाचा

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘अनुशेष’ ह्या शब्दाचा अर्थ मराठवाड्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही. 1983 साली प्रा. वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, 1984 साली तिचा अहवाल आला, आणि तेव्हापासून सिंचनाचा, रस्त्यांचा, विजेचा अनुशेष हा नांदेड-लातूरच्या प्रत्येक सभेतला विषय होऊन बसला. ह्याच शब्दाला सरकारी दप्तरात आणखी एक अर्थ आहे. अपंगांसाठी राखून ठेवलेल्या आणि न भरलेल्या जागांनाही अनुशेषच म्हणतात. पहिल्या अनुशेषासाठी आमदार सभागृहाचे कामकाज रोखून धरतात. दुसऱ्याची चौकशी करायला कुबडी टेकीत जिल्हा परिषदेच्या पायऱ्या चढणारा एकटा माणूस तेवढा येतो.

कायद्यांची उणीव आहे असे नव्हे. केंद्र सरकारने 1977 साली ‘क’ आणि ‘ड’ वर्गांच्या नोकऱ्यांत अपंगांसाठी 3 टक्के जागा राखल्या, पण त्या केवळ आदेशाने. 1981 हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. टपालाचे तिकीट निघाले, कायदा व्हायला मात्र 1995 साल उजाडावे लागले. 2016 साली त्याच्या जागी नवा कायदा आला आणि 19 एप्रिल 2017 पासून तो लागू झाला. अपंगत्वाचे मान्य प्रकार सातांचे एकवीस झाले, राखीव जागा 3 टक्क्यांच्या 4 टक्के झाल्या. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आले. ज्यांना हा शब्द बहाल झाला त्यांच्यापैकी अनेकांना तो रुचलेला नाही, हे जाता जाता नोंदवले पाहिजे. महाराष्ट्राने 2022 च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही स्थापन केला.

मग जागा रिकाम्या राहतात कशा? 1995 च्या कायद्याने अपंगांना करता येण्याजोगी पदे आधी निश्चित करायला सांगितले होते. खात्यांनी ह्या तरतुदीचा सोयीचा अर्थ लावला. जी पदे निश्चित झाली तेवढ्यांचेच 3 टक्के मोजायचे, आणि निश्चित करण्याचे काम होईल तितके लांबवायचे. सर्वोच्च न्यायालयाने 8 ऑक्टोबर 2013 रोजी राष्ट्रीय अंध महासंघाच्या प्रकरणात ही मोजणी चूक ठरवली आणि टक्केवारी संवर्गातील सर्व रिक्त पदांवर काढावी असा निर्णय दिला. तोवर कायदा होऊन अठरा वर्षे लोटली होती. ज्या तरुणाने 1996 साली विशीत सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवले, त्याची वयोमर्यादा ह्या वादातच संपत आली. शिवाय योग्य उमेदवार न मिळाल्यास जागा पुढील वर्षी ओढावी, तेव्हाही न मिळाल्यास अपंगांच्याच दुसऱ्या प्रवर्गाला द्यावी, आणि तेही न जमल्यास इतरांतून भरावी, अशी वाट कायद्यानेच ठेवली आहे. परीक्षेच्या दिवशी अंध उमेदवाराला लेखनिक मिळाला नाही, कर्णबधिराला तोंडी सूचना कळली नाही, तरी कागदावर शेरा एकच पडतो : ‘उमेदवार उपलब्ध नाही’.

ह्यातून निभावले तरी मूळ प्रश्न उरतो तो पदांचाच. शिपाई, माळी, पहारेकरी, सफाई कामगार ही चौथ्या श्रेणीची कामे आता ठेकेदाराकडे गेली आहेत. ती पदे संवर्गातच नाहीत, म्हणून त्यांचे 4 टक्केही नाहीत. 2023 साली राज्य सरकारने खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी भरती करण्याचा निर्णय काढला आणि ओरड झाल्यावर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो मागे घेतला. त्या वादात आरक्षण बुडते ही गोष्ट पुष्कळांनी मांडली. अपंगांचे आरक्षण त्यातच बुडते हे फार थोड्यांनी म्हटले.

खाजगी उद्योगांबाबत 2016 च्या कायद्याने तर हातच जोडले आहेत. एकूण मनुष्यबळात किमान 5 टक्के अपंग असावेत म्हणून सरकारने मालकांना उत्तेजन द्यावे, तेही आपल्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत. म्हणजे नांदेडच्या कृष्णूर औद्योगिक वसाहतीतल्या किंवा लातूरच्या कारखानदाराने एकही अपंग घेतला नाही तरी टक्केवारीबद्दल त्याला कोणी जाब विचारू शकत नाही. जर्मनीत वीस किंवा अधिक नोकरांच्या मालकावर 5 टक्क्यांचे बंधन आहे, आणि न भरलेल्या प्रत्येक जागेमागे त्याला रक्कम भरावी लागते. महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. एका धन्याच्या हाताखाली नसलेल्या हमालांसाठी ह्याच राज्याने 1969 साली माथाडी कायदा केला आणि मालकांकडून कामगारांच्या कल्याणासाठी लेव्ही घेतली. रोजगार हमीचा खर्चही नोकरदारांच्या व्यवसाय करातून उभा केला. अपंगांच्या रोजगारासाठी तशी लेव्ही का नसावी, हे कोणत्याही सरकारने आजवर सांगितलेले नाही.

एक योजना मात्र खरोखर पोटापाण्याला आली होती, आणि ती गेली तेव्हा कोणी हळहळलेही नाही. एस. टी. डी. बूथ देताना अपंगांना प्राधान्य होते. बसस्थानकाजवळ, कचेरीच्या आवारात लाकडी खोकी उभी राहिली आणि कित्येक घरांच्या चुली त्यावर पेटल्या. मोबाइल आल्यावर दहा वर्षांत तो धंदा बसला. त्यात दोष कोणाचा नव्हता. पण जागा होती, गिऱ्हाईक होते, चालवणारा माणूस होता, आणि त्या खोक्यातून दुसरे कोणते काम करता येईल ह्याचा विचार करण्याचे काम कोणत्याच खात्याचे नव्हते.

आता गावाकडे वळावे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. मेलेल्यांची मोजदाद झाली. ढिगाऱ्याखालून हातपाय वा कणा मोडून जे जिवंत निघाले, त्यांच्या पुढच्या तीस वर्षांची मोजदाद कोणी ठेवली? भूकंपग्रस्त म्हणून नोकरीत समांतर आरक्षण मिळाले, पण ते शिकलेल्या मुलांच्या उपयोगी. शेतमजूर बाईला त्याचा काय लाभ? 2011 च्या जनगणनेप्रमाणे देशातील 2 कोटी 68 लाख अपंगांपैकी काम करणारे 36 टक्के होते, आणि स्त्रियांत हे प्रमाण 23 टक्क्यांच्या आसपास होते.

सोयाबीनच्या हंगामात लातूर जिल्ह्यात मळणी यंत्रे रात्रंदिवस चालतात. सरकारी नोकर सेवेत असताना अपंग झाला तर त्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही, असे कायदा सांगतो, आणि ते योग्यच आहे. यंत्रात हात गेलेल्या मजुराला मात्र काढणारा धनीच नसतो; दुसऱ्या दिवशी त्याला कोणी बोलावीत नाही, इतकेच. शेतकऱ्यांसाठीच्या अपघात योजनेतून एक हात वा एक डोळा गेल्यास 1 लाख रुपये मिळतात, पण त्यासाठी घरात कोणाच्या तरी नावाचा सातबारा लागतो. भूमिहीनाचा हात ह्या हिशेबात बसत नाही.

अशा माणसाला हक्काचे काम देणारा कायदा ह्या राज्यात होता आणि तो महाराष्ट्राचाच होता. 1972-73 च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली. 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अंमलात आला. काम मागेल त्याला काम हे तत्त्व जगापुढे प्रथम अशा रीतीने मांडले गेले. पण मजुरी ठरली मोजमापावर. टोळीने किती माती काढली, किती खडी फोडली, त्यावर दाम. टोळीत एक पाय अधू असलेला गडी आला की सगळ्यांचा रोज कमी पडतो. मग टोळी त्याला घेत नाही. आणि टोळीतले लोकही पोटाला चिमटा बसलेलेच असतात, त्यांना निष्ठुर म्हणून भागत नाही. हजेरीपटावर नाव नसलेल्या ह्या माणसाने काम मागितलेच नाही असे दप्तर म्हणते. 2005 च्या केंद्रीय कायद्याच्या मार्गदर्शक सूचनांत अपंगांना पाणी देणे, मुले सांभाळणे अशी कामे द्यावीत असे होते. पण एका कामावर पाणी पाजणारे लागतात किती? 2025 च्या डिसेंबरात संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला आणि दिवस शंभरांचे एकशे पंचवीस झाले. दिवस वाढले तरी टोळीचा हिशेब तोच राहिला, तर अधू माणूस बांधावरच बसणार.

कार्यकर्त्यांनी धरायचे कलम हे आहे. अपंग मजुराची मजुरी मोजमापावर नव्हे, दिवसावर मिळाली पाहिजे, आणि त्याच्या वाट्याचे माप टोळीच्या हिशेबातून वगळले पाहिजे. रोपवाटिका, सामाजिक अंकेक्षण, कामाच्या नोंदी ही बसून करता येणारी कामे आधी त्याला मिळावीत. किनवट वा माहूरच्या माणसाला प्रमाणपत्राच्या खेपांसाठी शंभराहून अधिक किलोमीटर तोडत नांदेड गाठावे लागू नये म्हणून तपासणीची शिबिरे तालुक्यालाच ठरल्या वारी भरली पाहिजेत. बनावट प्रमाणपत्रे काढून जागा लाटणाऱ्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे, पण फेरतपासणीच्या नावाखाली खऱ्या अपंगाचा पगार महिनोन्‌महिने अडवला जात असेल तर तेथेही उभे राहावे लागेल.

दोन्ही जिल्हा परिषदांकडे आणि नांदेड व लातूरच्या महापालिकांकडे माहितीच्या अधिकारात संवर्गवार विचारणा करता येते : मंजूर पदे किती, 4 टक्क्यांप्रमाणे जागा किती, त्या भरल्या कधी, ‘उमेदवार उपलब्ध नाही’ हा शेरा कोणत्या वर्षी आणि कोणत्या पदाला पडला. अर्जाला दहा रुपये लागतात. ग्रामपंचायतींच्या स्वउत्पन्नातील अपंगांसाठीचा 5 टक्के निधी कोठे गेला हे ग्रामसभेत विचारायला तेवढेही लागत नाहीत.