लसीच्या दिमतीस



ज्या परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासात हाफकिन यांच्या प्लेगच्या लसीची प्रयोगशाळा १८९९ साली हलविण्यात आली, त्याच परळात कृत्रिम बहुवारिकांनी लसीचे बळ कसे वाढवावे याचा खल करण्यास आपण जमलात, हे उचितच झाले. हाफकिन यांची लस उष्णतेने मारलेल्या सबंध जंतूंची असल्याने शरीरास धोक्याची वर्दी आपसूक पोचे, आणि ताप-अंगदुखीच्या रूपाने ती टोचून घेणाऱ्यासही पोचे! आजची लस निवडक, निर्मळ प्रतिजनांची. ती सालस खरी, परंतु त्या सालसपणापायीच शरीर तिची पुरेशी दखल घेत नाही आणि तिच्या दिमतीस सहायक द्रव्य द्यावे लागते.

या विद्येचा आरंभ मोठा गमतीचा आहे. १९२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये गास्तों रामों यांनी घोड्यांना टोचावयाच्या विषाभात (निर्विष केलेल्या जंतुविषात) टॅपिओका, म्हणजे आपला उपवासाचा साबुदाणा, मिसळला आणि प्रतिविष वाढलेले पाहिले; पुढल्याच वर्षी इंग्लंडात ग्लेनी यांनी तुरटी योजिली, आणि त्या घराण्यातील ॲल्युमिनियमचे क्षार आजतागायत इमानाने चाकरी करीत आहेत, फक्त गोठले की लस निकामी करतात.

बहुवारिकांकडून अपेक्षा याहून मोठी होती. लॅक्टिक व ग्लायकॉलिक आम्लांपासून, म्हणजे शस्त्रवैद्यांच्या विरघळणाऱ्या टाक्यांच्याच द्रव्यापासून, घडविलेल्या सूक्ष्म गोलकांत धनुर्वाताचे विषाभ कोंडावे, ते हप्त्याहप्त्याने सुटावे, आणि कडेवर मूल घेऊन आरोग्य केंद्राकडे निघालेल्या मातेच्या पुढील खेपा वाचाव्यात, अशी ती तजवीज. जागतिक आरोग्य संघटनेने या एकाच टोचणीच्या कल्पनेचा पाठपुरावा केला. परंतु गोलक घडविताना लागणारी विद्रावके, शरीराची ऊब आणि ओलावा, आणि बहुवारिक झिजताना आतच साचणारे आम्ल यांनी विषाभ आपली पाळी येण्यापूर्वीच बिघडू लागले. रक्षकानेच ठेव नासवावी, असा हा प्रकार!

रसायनशास्त्राचा मी पदवीधरही नव्हे. तरीही यजमानाच्या अधिकाराने एवढे सुचवितो, की उंदरांच्या रक्तातील प्रतिपिंडांच्या आकड्यांवर हुरळण्याआधी, कित्येक आठवडे गोलकात काढून बाहेर पडणारे प्रतिजन कोणत्या स्थितीत असते, हा सवाल प्रत्येक निबंधकारास विचारला जावा, आणि फसलेल्या प्रयोगांचे दफ्तरही या मांडवात निःसंकोच उघडले जावे. निवास-भोजनाच्या व्यवस्थेतील उणिवा आमच्या पदरी घालाव्यात. स्वागत समितीच्या वतीने मी आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो, आणि अध्यक्ष महाराजांस कामकाज सुरू करण्याची विनंती करतो.