गोबरगॅससाठी पाचट : आधी गरम पाण्यात भिजवा



थंडी पडली की गोबरगॅसची शेगडी मिणमिणायला लागते. शेण तेवढंच, मग गॅस गेला कुठं? टाकीतले जिवाणू गारठतात. त्यांना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते. २० अंशांखाली काम मंदावतं, १० अंशांखाली जवळजवळ थांबतं. त्यात २ घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण हवं, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरं. ज्यांच्याकडं दोनच म्हशी, त्यांनी काय करावं?

आपल्या कोल्हापूर भागात उसाचं पाचट हेक्टरी ८ ते १० टन निघतं. बरेच जण काडी लावून मोकळे होतात. तसं करू नका. बहुतेक पाचट सरीतच कुजू द्या, थोडं गॅसला वळवा. मात्र कोरडं पाचट टाकीत टाकाल तर फसाल. ते तरंगतं, वर जाड थर धरतं आणि गॅस अडवतं.

म्हणून कडबाकुट्टीवर बारीक कापा, पिंपात भरा, वरून कढत पाणी ओता आणि पोत्यानं झाकून रात्रभर ठेवा. सकाळी पाचट मऊ, पाणी तांबूस झालेलं असतं. ते पाणी फेकू नका, त्यात जिवाणूंचं आयतं खाद्य उतरलेलं असतं. त्यातच शेण कालवा. मोठ्या प्रकल्पांत हेच काम दाबाखाली दीडशे अंशांच्या वर तापवून करतात. पिंपात तेवढं साधत नाही, हे सांगितलेलं बरं. पण भिजलेलं पाचट जड होतं, कमी तरंगतं आणि लवकर कुजायला लागतं.

आता पाणी तापवायचं कशावर? गॅसवरच तापवलं तर तो आतबट्ट्याचा व्यवहार. पण आपली गुऱ्हाळं चालतात नेमकी थंडीत. दिवसाचं शेवटचं आधण उतरल्यावर चुलवणात धग उरते. तिच्यावर पाणी फुकटात तापतं. कढत पाणी घरी आणायची यातायात नको, पाचटाचं पिंपच गुऱ्हाळावर न्या. गुऱ्हाळवाल्याला आधी विचारा म्हणजे झालं.

सुरुवातीला घमेलंभर शेणाला दोन मुठी पाचट पुरे. ज्योत मंदावली, मळीला आंबूस वास आला, तर पाचट बंद करून काही दिवस नुसतं शेणच घाला. दीनबंधू संयंत्राच्या घुमटात थर मोडायची सोय नाही, तिथं हात आखडताच ठेवा. तरंगती टाकी मात्र रोज सकाळ-संध्याकाळ फिरवा. आणि कालवण टाकीत सोडण्याआधी हात घालून बघा. चटका बसला तर जिवाणूही मरतील. कोमट लागलं तरच सोडा.