धूर गाडीचा, जीव आमचा टांगणीला

मागच्या वेळी मी बँकेच्या कागदांबद्दल बोलले होते. आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हा काय बायकांचा विषय? पण जीप आमच्या गटाची आहे, मग तिचा धूरही आमचाच.

गाडी जुनी, डिझेलची. पापड, कोकम, मसाले घेऊन आठवडी बाजाराला जाते. मिरग लागला की आमचा रस्ता चिखलात जातो, म्हणून चार महिने ती गोठ्याशेजारच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी असते. यंदा खंडेनवमीला तिला धुतलं, झेंडूचा हार घातला आणि गाडी चालवणाऱ्या आमच्या वहिनींनी सेल्फ मारला. गाडी चालू झाली, पण पडवीभर पांढरा धूर!

ओळखीच्या एका मेस्त्रींनी फोनवरच सांगितलं, "इंजिन खोलावं लागेल, पंचवीसेक हजार धरून चाला." पंचवीस हजार म्हणजे गटातली जवळजवळ सगळी शिल्लक. त्याच आठवड्यात दोघींना मुलांच्या फीसाठी कर्ज द्यायचं ठरलं होतं. त्या दोघी मीटिंगमध्ये काही बोलल्या नाहीत, नुसत्या चटईकडे बघत बसल्या. मग ठरलं, पैसे काढायच्या आधी धूर नीट बघायचा.

आधी गाडी ढकलून अंगणात आणली. पडवीत चालू केली ही आमची चूकच होती, एका काकूंचं डोकं जड झालं होतं. धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि कोंडलेल्या जागेत तो जीव घेतो. पेट्रोलच्या इंजिनात तो जास्त असतो, तेव्हा जनरेटर वापरणाऱ्या बायांनो, तुम्हीही हे ऐका.

मग पट्टी काढून ऑईल पाहिलं, रेडिएटरचं पाणी पाहिलं. दोन्ही ठीक. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल केला, तर आधी वाटीभर पाणीच आलं! टाकी अर्धी रिकामी होती. दमट हवेचं आत पाणी होतं आणि ते तळाशी बसतं. फिल्टर नवा घातला, नळीतली हवा काढली. बंद करायची दोरी ओढून धरून थोडा थोडा सेल्फ मारला, म्हणजे गाडी चालू न होता ऑईल वर चढतं. मग हीटर देऊन गाडी चालू केली. रेस द्यायची नाही, अशी वहिनींना ताकीद होती.

पांढरा धूर पुन्हा आला. डोळे चुरचुरले, कच्च्या डिझेलचा वास आला. इंजिन थंड असलं की डिझेल पुरतं जळत नाही, शिवाय सायलेन्सरमध्ये साठलेल्या पाण्याची वाफ होते. पंधरा मिनिटांत धूर विरळ झाला आणि थांबला. इंजिन तापल्यावरही थांबला नसता, रेडिएटरचं पाणी कमी होत गेलं असतं किंवा पट्टीवरचं ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं असतं, तर मेस्त्रींचं म्हणणं खरं. मग हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं आणि गाडी तिथेच बंद करायची. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नका.

आम्हाला वाटलं, सुटलो. पण रेस दिली तशी काळा धूर! काळा म्हणजे डिझेलला हवा पुरत नाही. चूल फुंकणारीला हे वेगळं सांगायला नको. एअर क्लीनरकडे जाणारी नळी काढली, तर आत उंदराचं घरटं. गवत, काथ्या आणि आमच्याच पापडांच्या पिशव्यांचे तुकडे! ते काढलं, क्लीनर धुऊन ताजं ऑईल घातलं, आणि काळा धूर गेला.

निळा धूर आमच्या वाट्याला आला नाही. तो ऑईल जळल्याचा. ऑईल खुणेच्या वर भरलं असेल तर आधी ते कमी करून बघावं. तरी निळा राहिला आणि ऑईल सारखं घटत असेल, तर ते काम मेस्त्रीचंच.

खर्च झाला तो फिल्टर आणि ऑईलचा. दोघींची कर्जं ठरल्या दिवशी दिली. पुढच्या मिरगाआधी आम्ही टाकी काठोकाठ भरणार आहोत. हवेच्या नळीच्या आणि सायलेन्सरच्या तोंडाला फडकं बांधणार आहोत, आणि ते काढायचं विसरू नये म्हणून त्याच फडक्याची एक लाल चिंधी चावीला.