संगणकावर अवजारं बसवताना



बीसीए, बीएस्सी कंप्युटर, डिप्लोमा, इंजिनिअरिंग. संगणकाकडे वळलेली मुलंमुली आज तालुक्याच्या गावांतूनही पुष्कळ आहेत. पहिल्या सत्रात सी नाहीतर पायथॉन सुरू होतं आणि वर्गात सांगितलं जातं, ‘घरच्या मशीनवर कंपायलर टाकून घ्या.’ बरीच मुलं इथेच अडतात. प्रोग्राम सुचत नाही ही पुढची गोष्ट, आधी तो चालवायची अवजारंच मशीनवर बसत नाहीत. मग एखादा मित्र येतो, कुठून तरी उचललेल्या दोन-चार ओळी काळ्या पडद्यावर चिकटवतो, एंटर मारतो आणि ‘झालं तुझं काम’ म्हणून निघून जातो. नेमकं काय झालं हे त्यालाही ठाऊक नसतं आणि मशीनच्या मालकालाही.

अवजारं बसवणं हे अभ्यासाआधी कसंबसं उरकायचं काम आहे, असा समज रूढ झाला आहे. मला तो मान्य नाही. संगणकाच्या अभ्यासातला पहिला धडा हाच आहे, आणि तो दुसऱ्याकडून करून घेतला तर पुढचे कित्येक धडे कच्चे राहतात. आपल्या मशीनवर काय आलं, ते कुठे जाऊन बसलं, ते अस्सल असल्याची हमी कुणी दिली, हे विचारायची सवय इथेच लागते.

ही अवजारं म्हणजे माउसने उघडायचे प्रोग्राम नव्हेत. टर्मिनल उघडायचं, नाव टाइप करायचं, एंटर मारायचं. सी भाषेतला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा जीसीसी हा कंपायलर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला. आपण लिहिलेल्या कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं गिट लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलं. मेक त्याहून जुनं आहे. अनेक फाइलींचा प्रोग्राम असेल तर त्यातली कोणती फाइल बदलली आणि काय नव्याने कंपाइल करायला हवं, हे मेक ठरवतं. ती कल्पना १९७६ मधली, बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमन यांची. मेकच्या फाइलमध्ये कमांडच्या ओळीआधी टॅब द्यावा लागतो, नुसत्या स्पेस चालत नाहीत. ही अडचण फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आली होती. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांच्या फाइली मोडू नयेत म्हणून त्यांनी नियम तसाच ठेवला. जवळजवळ पन्नास वर्षं तो टिकून आहे. तेव्हा पडद्यावर ‘मिसिंग सेपरेटर’ असं दिसलं, की आधी तो टॅब तपासायचा.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. मी उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचं उदाहरण घेतो, कारण ते फुकट आहे आणि कॉलेजच्या लॅबमध्ये बहुधा तेच असतं. घरातला डेस्कटॉप जुना असेल, चार जीबी रॅमचा असेल, तर त्याचंच हलकं भावंड झुबुंटू टाका, नाहीतर डेबियन. कमांड तीच राहते. रेडिओवर पडदा दाखवता येत नाही, म्हणून कमांड बोलून सांगतो; जवळ कागद असेल तर लिहून घ्या.

आधी सुडो, जागा, एपीटी, जागा, अपडेट. सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणं, आणि एपीटी म्हणजे पॅकेजेस, अर्थात अवजारांची गाठोडी, आणून बसवणारा प्रोग्राम. या कमांडने नवं काही बसत नाही. कोणती पॅकेजेस उपलब्ध आहेत त्याची ताजी यादी तेवढी येते. मग सुडो, जागा, एपीटी, जागा, इन्स्टॉल, जागा, बिल्ड, आडवी रेघ, इसेन्शियल, जागा, गिट.

एंटर मारलं की पासवर्ड विचारला जातो आणि इथे पुष्कळ मुलं घाबरतात, कारण टाइप करताना पडद्यावर बरेचदा काहीच उमटत नाही. अक्षरं नाहीत, साधे ठिपकेही नाहीत. कीबोर्ड बंद पडला असं वाटून काही जण खिडकी बंद करून टाकतात. कीबोर्ड चालू असतो. मागे उभ्या असलेल्या माणसाला पासवर्ड किती अक्षरांचा आहे तेही कळू नये, यासाठी ही व्यवस्था आहे. निश्चिंतपणे टाइप करा आणि एंटर मारा.

त्यानंतर मशीन थांबतं आणि काही ओळी दाखवतं. कृपा करून या ओळी वाचा. नव्याने काय काय बसणार त्यांची नावं, किती एमबी डाउनलोड होणार, डिस्कवर किती जागा जाणार, आणि शेवटी ‘पुढे जाऊ का?’ ही विचारणा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चाललं असेल तर डाउनलोडचा आकडा पाहूनच होकार द्यावा. त्या यादीत आणखी एक गंमत दिसेल. मागितलं बिल्ड-इसेन्शियल, पण ओळीने जीसीसी, जी प्लस प्लस, मेक अशी नावं येतात. कारण बिल्ड-इसेन्शियल या पॅकेजच्या पोटात स्वतःचं असं जवळपास काहीच नाही. आपल्याबरोबर कोणती पॅकेजेस हवीतच, एवढंच ते सांगतं. प्रोग्राम बांधायला लागणारा किमान संच कुणीतरी विचार करून ठरवून ठेवला आहे आणि आपण तो एका नावाने मागवतो.

ही पॅकेजेस कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवरून येतात आणि उबुंटूमध्ये ती बरेचदा साध्या एचटीटीपीवरून येतात, म्हणजे वाटेतला माणूस ती पाहू शकतो. मग वाटेत कुणी त्यांत फेरफार केला तर? यावरची योजना मला फार मोलाची वाटते. प्रत्येक पॅकेजच्या मजकुरावरून गणिताने एक लांबलचक आकडा काढलेला असतो. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी हा आकडा पार बदलतो. सगळ्या पॅकेजेसचे आकडे एका यादीत असतात, त्या यादीचा आकडा मुख्य फाइलमध्ये असतो आणि त्या मुख्य फाइलवर उबुंटूची डिजिटल सही असते. ती सही ओळखण्याची किल्ली आपल्या मशीनवर पहिल्या दिवसापासून आहे. ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तेव्हाच ती आली. एपीटी सही पाहतं, आकडे ताडून पाहतं, आणि जुळलं तरच पॅकेज उघडतं. लाखेचं सील शाबूत असलेलं पाकीट कोणत्या एसटीने आलं याची चिंता करावी लागत नाही, तसंच हे. ही किल्ली उबुंटूच्या प्रतीबरोबरच येते, म्हणून पेन ड्राइव्हवरून टाकायची ती प्रत कुणाकडून तरी आणलेली नसावी. प्रकल्पाच्या मूळ जागेवरून स्वतः उतरवावी आणि तिथे दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावी. हमीची साखळी तिथूनच सुरू होते.

ही साखळी कुठे कच्ची पडू शकते, तेही सांगायला हवं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाचे एक इंजिनिअर डेबियनच्या ‘अनस्टेबल’ आवृत्तीवर काम करत होते. दुसऱ्या मशीनवर लॉगिन होताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं. अर्धा सेकंद! तुम्ही-आम्ही सोडून दिलं असतं. ते मागे लागले आणि फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या साध्या अवजाराच्या दोन नव्या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवलेला सापडला. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ त्या प्रकल्पात नेटकं काम करून विश्वास मिळवला होता आणि मग हा घात केला होता. सही पाहणारी योजना इथे उपयोगी पडली नसती, कारण अधिकार असलेल्या माणसानेच ती आवृत्ती बाहेर काढली होती. उपयोगी पडला तो आपल्या मशीनकडे बारकाईने पाहणारा एक माणूस, आणि कोड सर्वांसमोर उघडा असणं. नेहमीच्या वापराच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत ते पॅकेज पोहोचायच्या आत ते मागे घेतलं गेलं.

या पार्श्वभूमीवर एका सवयीबद्दल कळकळीने सांगतो. ‘ही एक ओळ कॉपी करा, टर्मिनलमध्ये पेस्ट करा’ असा सल्ला जागोजागी मिळतो. त्या ओळीत बहुतेक वेळा कर्ल हे अवजार एक स्क्रिप्ट उतरवतं आणि उभ्या रेघेपलीकडे असलेल्या, कमांड चालवणाऱ्या बॅशच्या हाती ती सरळ सोपवतं. ना सही, ना ताडणी, ना ती एकदा तुमच्या नजरेखालून गेलेली असते. बॅशच्या आधी सुडो असेल तर सगळं मशीन तुम्ही त्या अनोळखी स्क्रिप्टच्या ताब्यात दिलंत. अशी वेळ आलीच, तर स्क्रिप्ट आधी फाइलमध्ये उतरवा, उघडा, वाचा. सगळं कळणार नाही, तरी ती काय पुसते आणि कुठे लिहिते एवढं शोधता येतं. आणि तीच वस्तू एपीटीकडे मिळत असेल तर तिथूनच घ्या.

बसवून झालं, की अवजार गेलं कुठे ते पाहायचं. व्हिच, जागा, जीसीसी असं टाइप केलं की उत्तर येतं: यूएसआर, त्याच्या आत बिन, त्यात जीसीसी. तुम्ही एखादं नाव टाइप करता तेव्हा शेल, म्हणजे बॅशसारखा कमांड चालवणारा प्रोग्राम, ते सगळ्या डिस्कभर शोधत बसत नाही. पाथ नावाच्या एका यादीत काही फोल्डर ओळीने लिहिलेले असतात, तेवढेच ते पाहतं. ‘कमांड नॉट फाउंड’ आलं याचा अर्थ दोनपैकी एक: अवजार बसलेलंच नाही, किंवा बसलंय पण या यादीबाहेरच्या फोल्डरमध्ये. सीचा पहिला प्रोग्राम कंपाइल होतो, ए डॉट आउट नावाची फाइल समोर दिसते, आणि नाव टाइप केलं तरी ती चालत नाही. वर्गात हे सतत दिसतं. नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ द्या, लगेच चालते. आपण उभे आहोत तो फोल्डर त्या यादीत मुद्दाम ठेवलेला नाही. नाहीतर कुणीही आपल्या फोल्डरमध्ये ‘एलएस’ अशा नेहमीच्या नावाचा घातक प्रोग्राम ठेवून आपल्याकडून नकळत चालवून घेतला असता.

पायथॉनवाल्यांना २०२३ नंतर एक नवी एरर भेटू लागली आहे. लायब्ररी बसवणाऱ्या पिप या अवजाराने एखादी लायब्ररी टाकायला गेलं की ‘हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर येतो आणि काम थांबतं. मुलं लगेच ती अडवणूक जबरदस्तीने मोडायचा पर्याय शोधतात. तो वापरू नका. सिस्टिमचे स्वतःचे कित्येक प्रोग्राम त्याच पायथॉनवर चालतात, त्यातली एखादी लायब्ररी बदलली गेली तर तेच कोलमडतात. खरं तर त्या एररमध्येच मार्ग लिहिलेला असतो: आपल्या कामासाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तयार करा आणि लायब्ररी त्यात टाका. तसंच ‘लॉक मिळत नाही’ असं एपीटीने सांगितलं, तर पाठीमागे सिस्टिम आपोआप अपडेट होत असण्याची शक्यता मोठी. चहा घेऊन या. ती लॉकची फाइल पुसायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. अर्धवट बसलेली पॅकेजेस निस्तरायला संध्याकाळ जाते.

विंडोज १० किंवा ११ असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पॉवरशेल उघडून डब्ल्यूएसएल, जागा, दोन आडव्या रेघा, इन्स्टॉल अशी कमांड द्यायची. विंडोजच्या आतच उबुंटू मिळतं आणि वर सांगितलेलं सगळं तिथे लागू पडतं. मॅकवर एक्सकोड, आडवी रेघ, सिलेक्ट, जागा, दोन आडव्या रेघा, इन्स्टॉल. त्याने कंपायलर, मेक, गिट येतं, कित्येक जीबीचं पूर्ण एक्सकोड उतरवावं लागत नाही.

इंग्रजीमुळे ज्यांना हे अवघड वाटतं, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. लिनक्स, सी, पायथॉन यांवरचे छोटे छोटे पाठ तिथे मराठीतूनही ऐकायला मिळतात, तेही विनामूल्य. पाठ ऐकत, शेजारी टर्मिनल उघडं ठेवून जसंच्या तसं करत जायचं, अशीच त्यांची रचना आहे.

शेवटी लॅब सांभाळणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. सगळी मशीन्स तयार करून, सुडोला कुलूप लावून मुलांपुढे ठेवायची आपली पद्धत आहे, आणि परीक्षेच्या सोयीसाठी ती ठीक आहे. पण प्रत्येक लॅबमध्ये एखादं जुनं मशीन असं ठेवा की त्याचा पासवर्ड सगळ्या वर्गाला माहीत असेल आणि त्यावर कुणाचंही महत्त्वाचं काम नसेल. कॉलेजच्या नेटवर्कपासून ते वेगळं ठेवा. त्यावर मुलांनी स्वतः अवजारं बसवावीत, काढावीत, पुन्हा बसवावीत, येणारी एरर वहीत उतरवून घ्यावी. पूर्ण बिघडलं तर पेन ड्राइव्ह लावून उबुंटू नव्याने टाकायचं, तेही त्यांच्याच हातून.